सहा गाण्यांना चार वर्षं?

आमच्या रॉक बँडच्या सहा गाण्यांच्या अल्बमला चार वर्षं का लागली, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे सगळेच विचारतात, नात्यातल्या लग्नात, ठाणे स्टेशनच्या पुलावर, कुठेही. "अरे, सहा गाणी करायला चार वर्षं लागतात होय?"

मग कोणीतरी जाणकार स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश रॉक संगीतकाराचा २०१३चा अल्बम 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग' पुढे करतो. त्यातही सहाच गाणी आणि रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसच्या ईस्टवेस्ट स्टुडिओत, आठवडाभरात. खरंय. पण तिथे काचेपलीकडे ॲलन पार्सन्स बसला होता, पिंक फ्लॉइडच्या गाजलेल्या 'डार्क साइड ऑफ द मून'चा रेकॉर्डिंग इंजिनिअर. शिवाय गिटारवाला गथ्री गोवन तेवढा नवा. बाकीची मंडळी आधी दौऱ्यावर एकत्र वाजवून आलेली. 'ल्युमिनॉल' हे बारा मिनिटांचं गाणं तर स्टुडिओत जाण्याआधीच लोकांसमोर वाजलं होतं. तो आठवडा कुठून आला, हे कोणी मोजत नाही.

आम्ही चौघं चार ठिकाणी: कोलशेत, कळवा, नौपाडा, ऐरोली. नोकऱ्या सगळ्यांना. म्हणून ठरलं, ज्याने त्याने घरी आपला भाग वाजवायचा आणि फाइल पाठवायची. गायकाचं कळव्याचं घर रुळांना लागून. शेवटची लोकल गेली की तो माइक लावणार, आणि वरच्या पट्टीत गेला की शेजारी भिंत ठोकणार. दोन वर्षांनी सगळं जोडून ऐकलं. ताल चोख, सूर चोख आणि चौघांची एकमेकांशी ओळखही नसावी असं वाजलेलं.

टाकून दिलं सगळं. (ड्रमर महिनाभर बोलत नव्हता.) मग घोडबंदर रोडला तासावर भाड्याने मिळणारी एक खोली धरली आणि जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी तिथे वाजवलं. शेवटी रेकॉर्डिंग पाच दिवसांत झालं. म्हणजे विल्सनपेक्षा लवकरच की!

लोकांना आवडला का, हेही विचारलंत. विल्सनचा अल्बम जर्मनीच्या यादीत तिसरा आला. आमचा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि त्याखाली पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना आली.

कान देऊन ऐकलं ते माझ्या तबल्याच्या सरांनी. चौथं गाणं सात मात्रांचं, आमच्या भाषेत सेव्हन-एट. सर मांडीवर मोजत राहिले, ती ती ना, धी ना, धी ना. मग म्हणाले, "रूपकच की रे हा. पण रूपकात समेवर, पहिल्याच मात्रेवर, खाली असते, तिथे जोर द्यायचा नसतो. तुम्ही नेमका तिथेच ढोल बडवलाय."

म्हटलं, "सर, रॉकमध्ये पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा ठोका, पडतेच."

"पडू दे. एखाद्या आवर्तनात सोडून बघ."

आता रविवारी शेवटच्या आवर्तनात ड्रमर समेवर पाय उचलून धरतो. अर्थात तुम्ही जो अल्बम ऐकलात, त्यात तिथे ढोलच आहे.