घरामागचं लॉन, डीजे आणि आवक क्रमांक

आमच्या घरामागे लग्नाचं लॉन आहे. लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजायचा. बाबांची बायपास नुकतीच झालेली. उशाशी तांब्यावर पालथं घातलेलं भांडं प्रत्येक ठेक्याला किणकिणायचं, मग आई ते हाताने दाबून धरून बसायची.

११२ला फोन केला की पोलीस यायचे, आवाज उतरायचा आणि गाडी वळली की पुन्हा चढायचा. एकदा तर फोननंतर लॉनचा माणूसच आमच्या दारात उभा राहिला. तक्रारदाराचं नाव फोडू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाचे २०१६चे आदेश आहेत. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

मग ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचून काढले. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेच्या फार तर ५ डेसिबल वर जाऊ शकतो. रात्री बारापर्यंत वाजवण्याची सवलत असते, पण ती सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांना, तीही वर्षातून १५ दिवसांपुरती. लग्नाचा त्यात संबंध नाही.

तारखा आणि वेळा घालून अर्ज दोन प्रतींत लिहिला, नाव गुप्त ठेवण्याची विनंती वर ठळक केली. पोलीस ठाण्यात "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. पाऊण तासाने माझ्या प्रतीवर अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का आणि क्रमांक पडला, तेव्हाच उठले. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. फोनवरचं बोलणं त्या रात्रीपुरतं असतं, आवक क्रमांकाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

सोबत १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं: या तारखांना लाऊडस्पीकरची लेखी परवानगी होती का? महिन्याच्या आत उत्तर आलं, नव्हती.

तो कागद दाखवल्यावर चक्रं फिरली. मोबाइल ॲपवरचे माझे आकडे पोलिसांनी मानले नाहीत, ते बरोबरच होतं. एका शनिवारी ते स्वतःचं मीटर घेऊन आले. रात्री १० वाजून २० मिनिटांनी आमच्या गॅलरीत ७१. जागेवर पंचनामा झाला, साउंड सिस्टीम जप्त झाली.

आता दहाला बंद होतं. संध्याकाळचा आवाज मात्र अजून मोजायचा आहे. त्याचा अर्ज सोमवारी दिला, आवक क्रमांक घेऊनच आले.