कुठपर्यंत आला?

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर भाच्याने मोबाइल नाकापुढे धरला. "मामा, मुंबई-जळगाव विमानाने साडेतीनशे किलोमीटर न् रेल्वेने चारशे वीस. मधले सत्तर गेले कुठे?"

"वळणांत," म्हटलं आणि कूस बदलली. पण झोप काही आली नाही.

लहानपणी मुंबईच्या काकांकडून जळगावला घरी परतताना चाळीसगाव गेलं की वडील पुढच्या स्टेशनांची परीक्षा घ्यायचे. वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण, पाचोरा. इथे श्वास. मग परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली. माहेजी माझं हमखास गळायचं. बाहेर मिट्ट काळोख, खिडकीच्या गजाला गाल लावलेला, मांडीवर फडक्यात उरलेली एक दशमी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं तेल झिरपलेला कागद. शिरसोली आलं की बाकाखाली चपला शोधायच्या. एक माझी असायची, दुसरी पार तिसऱ्या बाकाखाली.

आईचा स्वयंपाकही याच रुळांवर चालतो. मोबाइल आल्यापासून तर फारच. "कुठपर्यंत आला रे?" चाळीसगाव म्हटलं की अंगणात कपाशीच्या काड्या पेटतात आणि त्यांवर भरताची वांगी पडतात. पाचोऱ्याला ती सोलून लाकडी बडगीत ठेचायची, मिरची-लसणासकट. शिरसोलीला भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ परातीत. गाडी कसाऱ्याला मागची इंजिनं लावायला थांबली, तरी तिला कळवावं लागतं. तो घाट म्हणजे सदतीस मीटर पुढे जायचं तेव्हा एक मीटर वर चढायचं. गाडीला वेळ लागतोच. आईला तो मान्य आहे. चाळीसगाव सुटलेलं न कळवणं मान्य नाही.

आमच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 ला झालं. प्रवासी विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. पुढे ते कधी येई, कधी महिनोन्‌महिने येतच नसे. आपण खान्देशातली माणसं, वाट बघायची सवय आहे.

एकदा हौसेने बसलोच. पंख्याचं छोटं विमान, ताशी पाचशेच्या आसपास वेग. म्हणजे हिशोबाने पाऊण तासाच्या आतच जळगाव. पण मुंबईच्या धावपट्टीवर रांगेत उभं राहणं, चढणं, उतरणं धरून झाला तासाच्या वर. निघताना आईला फोन केला. ती म्हणाली, "चाळीसगावला कळव." म्हटलं, विमानात फोन बंद असतो. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग, "बरं. मग मला कसं कळायचं?"

वरून मी चाळीसगाव शोधत होतो. खाली तपकिरी चौकोन, मध्येच एखादा पाण्याचा तुकडा. ते नांदगावही असेल, नाहीतर आणखी काही. शेजारचे गृहस्थ गाढ झोपले होते. मी मनातल्या मनात वाघळी, कजगाव सुरू केलं आणि नगरदेवळ्याला पोचायच्या आत कानांना दडे बसायला लागले. उतरायची सूचना झाली.

कुसुंब्याहून रिक्षा करून घरी आलो. आई अंगणातच होती. काड्यांना नुकता जाळ धरला होता, वांगी अजून हिरवीगार, तेल लावून ताटात ओळीने ठेवलेली.

"आला का?" ती म्हणाली. "आता बस मग. पाचोरा यायचाय अजून."