काये राये गोरे राये

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून कमिटीचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी गोरेगावला चित्रनगरीत मेकअप करून सकाळी नऊपासून सीनची वाट बघत बसलो होतो, सिरीयलच्या कामात निम्मा वेळ हे बसणंच असतं, म्हणून तिथेच मोबाईलवर टाईप करतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी 1992 च्या दहावीचा. शाळेत येईपर्यंत माझ्या तोंडात ळ नव्हताच. आमच्या जळगावकडे घरी सगळेच केळीला केयी, डाळीला दाय, शाळेला शाया म्हणायचे, त्यात काही चुकतंय हे कोणाच्या गावीही नव्हतं. आठवीत गॅदरिंगच्या नाटकात मला म्हातारा दिला आणि पहिल्याच वाक्यात 'बाळा' ऐवजी 'बाया' निघालं, अख्खी तालीम हसून लोळली. मराठीचे सर तेवढे हसले नाहीत. मधल्या सुट्टीत स्टाफरूमबाहेर उभं केलं, म्हणाले म्हण, काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले. मी म्हटलं काये राये गोरे राये. मग त्यांनी स्वतः तोंड उघडून दाखवलं, जिभेचं टोक असं मागे वळव, टाळूला लाव आणि झटक्यात सोड, पोरं खिडकीतून बघताहेत आणि आम्ही दोघं आ करून उभे! गॅदरिंग होईपर्यंत रोज हेच. त्या दिवशी एकूण एक ळ बरोबर आला, पण डिंकाने चिकटवलेली कापसाची दाढी एका बाजूने सुटली, ती शेवटपर्यंत हाताने कुरवाळल्यासारखी धरून ठेवली, लोकांना वाटलं काय अभिनय आहे.

मग कॉलेज, राज्य नाट्य स्पर्धा, जळगावचं बालगंधर्व खुलं नाट्यगृह, थंडीत कानटोप्या घालून बसलेले प्रेक्षक. 1999 ला मुंबई गाठली. त्याच वर्षी अल्फा मराठी चॅनेल (आताचं झी मराठी) सुरू झालं, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी, त्यामुळे आमच्यासारख्यांना पोस्टमन, हवालदार, कंपाउंडर असं काही ना काही मिळायला लागलं. पैसे नव्वद दिवसांनी. एकाने तर चाळीस दिवसांचे बुडवले ते बुडवलेच. नाटकाचं त्या मानाने बरं, प्रयोग संपला की नाईटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट हातात.

एका मालिकेत मला जळगावकडचा केळीवाला शेतकरी दिला. मी खुश, म्हटलं आता घरचं बोलतो, आणि बोललो, केयीना भाव पडी गया. कट! दादा, जरा गावरान बोला ना, लोकांना कळलं पाहिजे. त्यांचं गावरान म्हणजे व्हय जी, न्हाय जी, म्हणजे सातारा कोल्हापूरकडचं, ते पण धड नाही. महाराष्ट्रात गाव म्हटलं की एवढंच असतं की काय? पण बोललो बुवा, पोटाचा प्रश्न. माय घरी टीव्हीवर बघत होती, फोनवर म्हणे, "तू आसं काबर बोलस रे? आपला गावमा कोन बोलस आसं?" काय सांगणार.

मध्यंतरी जळगावला संभाजीराजे नाट्यगृहात आमचा प्रयोग होता, सर काठी टेकत आले होते. नंतर मेकअपरूममध्ये पाया पडलो, म्हटलं सर, कसं वाटलं? म्हणाले, "दुसऱ्या अंकात आभाळ म्हणताना घसरलास." मी म्हटलं शक्यच नाही सर. रात्री लॉजवर आमच्या पोराने मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग काढून बघितलं. आभायच होतं.