पांडवलेणी ते घाटनदेवी

अण्णांनी उभी हयात आग्रा रोडवर ट्रक चालवला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, तेव्हापासून त्यांना तिथला बोगदा बघायचा होता. गेल्या रविवारी निघालो. पण त्याआधी मी त्यांना पांडवलेण्यांवर घेऊन गेले. इतकी वर्षं या डोंगराखालून ट्रक नेला, वर कधी चढलेच नव्हते.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. भडोच, मंदसौर, सोपारा आणि आपल्या नाशिकजवळचं गोवर्धन इथे त्यानं वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणगंगा, पार, डहाणूची नदी यांवर फुकट नावा ठेवल्या. महामार्गाचा इतिहास मी तरी इथूनच मोजते. डांबर फार नंतर आलं. रात्री पाठ टेकायला जागा आणि नदीपलीकडे जायची सोय आधी लागली. अण्णा त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. "कुणीतरी गाडीवानाचा विचार केला म्हणायचा," एवढंच बोलले.

विल्होळी, गोंदे, घोटी भराभर मागे पडलं. या रस्त्याचा नंबर 3 होता, आता 160 झालाय. अण्णांच्या तोंडी अजून आग्रा रोडच.

इगतपुरीला समृद्धीवर चढलो. जवळपास 8 किलोमीटरचा जुळा बोगदा. पाच-सहा मिनिटांत कसारा घाट संपला! ज्या घाटात अण्णांनी रात्रीच्या रात्री काढल्या, तो डोक्यावरून निघून गेला. मला आनंद झाला होता, अण्णा मात्र गप्प. मग म्हणाले, "अगं, घाटनदेवी राहिली." कसारा घाटाच्या माथ्यावरचं देवीचं देऊळ ते.

शहापूरजवळ उतरलो आणि परत जुन्या वाटेनं घाट चढायला लागलो. घाटात अण्णांना कंठ फुटला. "ज्या गेअरात चढशील त्याच गेअरात उतरायचं. नुसत्या ब्रेकवर उतरवलीस तर लायनर तापतात, ब्रेक लागतच नाही." डावीकडच्या दरीकडे बोट करून त्यांनी दोन जागा दाखवल्या. तिथं कोण गेलं, ते मी विचारलं नाही.

मी त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. कार्ल बेंझनं 1886 मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, पण ती लांबच्या प्रवासाला काढली त्याच्या बायकोनं. 1888 च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिनं चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. परतल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गेअर हवा.

"बाईनं बरोबर ओळखलं," अण्णा म्हणाले. "घाट चढल्याशिवाय नाही कळत ते." मोटारीच्या इतिहासात मला ही बाई सगळ्यात मोठी वाटते. तिनं गाडी नुसती चालवली नाही, रस्त्यावर नेऊन तिच्यात काय कमी आहे ते शोधलं.

घाटनदेवीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. अण्णांनी नारळ घेतला. फोडायच्या आधी खाली वाकून माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेला, ब्रेक किती तापलेत ते बघायला.