दाखल नोंदवहीचा लॅपटॉप

ताईंनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, हा गेला तरी चालेल, पण यातली यादी तेवढी वाचवा."

पाटण तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. वाचनालय 'ड' वर्गाचं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळतं, त्यात 'ड' शेवटचा. त्यातच वेतन, वर्तमानपत्रांची बिलं आणि नवी पुस्तकं बसवायची. यादी म्हणजे साडेआठ हजारांवर पुस्तकांची एक्सेल फाइल: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कपाट. आधीच्या ग्रंथपालांनी ती कैक संध्याकाळी बसून टाइप केलेली. तपासणी तोंडावर आली होती आणि लॅपटॉप चालू व्हायलाच इतका वेळ घेत होता की मध्येच बंद पडला की काय असं वाटावं.

कराडला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येण्याआधी त्या दुसऱ्या एका दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथं सांगितलं, यावर विंडोज ११ चालणार नाही, हा भंगारात द्या आणि नवीन घ्या. पहिलं म्हणणं बरोबर होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या लॅपटॉपवर तर विंडोज ७ होतं, ज्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपलेला. पण भंगाराचं म्हणणं मला पटलं नाही. या मशीनकडून काय काम हवंय हे ताईंना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. यादी उघडणं, नवी पुस्तकं चढवणं, छापून देणं आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना अर्ज भरायला इंटरनेट. बस, एवढंच.

मशीन उघडून पाहिलं. पेंटियम ड्युअल कोअर टी४५००, २ जीबी डीडीआर३ रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज ३२ बिटचं होतं, म्हणून प्रोसेसरही ३२ बिटचाच असणार असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. त्या काळात ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटचं विंडोज सर्रास टाकून मिळायचं. हा प्रोसेसर ६४ बिटचा निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण ३२ बिटच्या मशीनसाठी आता फारसं काही उरलेलं नाही. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मुक्त प्रणाली. क्रोमने ३२ बिट लिनक्सला २०१६ मध्येच रामराम ठोकला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही.

मग डिस्क. पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह चालू केलं आणि डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल लावलं. 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या ओळीत शून्य हवं असतं, इथं भलताच मोठा आकडा. म्हणजे वाचता न आलेले, निर्णयासाठी अडकून पडलेले सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे. असा सेक्टर समोर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि तोवर विंडोज गोठतं. लोक याला 'लॅपटॉप स्लो झाला' म्हणतात. खरं तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणं हा यादीच्या जिवाशी खेळ झाला असता.

म्हणून आधी डीडीरेस्क्यू. हा प्रोग्रॅम मला फार आवडतो, कारण तो समजूतदार आहे: पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतो, अडणारे भाग बाजूला ठेवतो आणि नंतर पुन्हा त्यांच्याकडे वळतो. कुठवर आलो हे एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी काही तुकडे वाचता न येताच राहिले होते, पण कॉपीतून यादीची फाइल धडपणे उघडली. ताईंना फोन करून तेवढंच सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही, मग म्हणाल्या, "आता सावकाश करा."

पुढचं काम हात चालवण्याचं. जुन्या डिस्कच्या जागी १२८ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क. या बोर्डाचा साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, जुना, कमी वेगाचा आहे, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने धावत नाही. पण फरक पडतो तो इकडचे तिकडचे छोटे तुकडे लगेच मिळण्याने, आणि तो पुरेपूर पडला. रॅम मात्र बघून घ्यावी लागली. पहिली २ जीबीची स्टिक होतीच, जोडीला दुसरी हवी होती. बाजारात मिळणाऱ्या काही २ जीबीच्या स्टिकवर चारच चिप असतात, प्रत्येकी ४ गिगाबिटची, आणि एवढा जुना चिपसेट त्या ओळखत नाही. मशीन काळ्या पडद्यावर थांबतं आणि माणूस बोर्ड गेला म्हणतो. आठ चिपची जुनी स्टिक शोधून लावली. पंख्यातली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारी सीमॉसची बॅटरीही संपली होती. ती संपली की दर वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध वाटतं. ताईंच्या 'इंटरनेटच चालत नाही' या तक्रारीचं मूळ इथं होतं. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत राहिला.

कोणतं लिनक्स टाकायचं यावर मी बराच विचार केला. अँटीएक्स खूप हलकं, रॅम अगदी जेमतेम खातं. पण त्याचं रूप आमच्याकडच्या माणसांना अनोळखी वाटतं आणि हे मशीन रोज ताई वापरणार होत्या, मी नाही. शेवटी एमएक्स लिनक्स टाकलं, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. डेबियनवर उभं, आणि अँटीएक्सच्याच मंडळींचा त्याच्या घडणीत हात. पट्टी खाली घेतली, कोपऱ्यात मेनू, घड्याळ. झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅम भरत आली की मजकूर दाबून रॅममध्येच ठेवला जातो, एसएसडीवर ताण येत नाही. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि प्रिंटर. हा छोटा लेझर प्रिंटर दर वेळी चालू केला की संगणकाकडून स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, मागून घेतो. तेवढं बसवलं आणि तोही बोलू लागला.

मग यादी लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस यांचा नुसता खच.

मला हे अपेक्षित होतं, ताईंना नव्हतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो; यादी त्याच्या आधीच्या एका फाँटात टाइप केलेली. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजीच्या जागा असतात आणि फाँट त्या जागी मराठी आकार काढतो. फाँट नसला की मराठीही नाही. जुन्या डिस्कच्या कॉपीतून तोच फाँट उचलून बसवला असता तर काम भागलं असतं, पण पुढच्या मशीनवर पुन्हा हेच. म्हणून फाइल युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. खरं काम तिथून सुरू झालं.

फाँटफोर्ज या प्रोग्रॅममध्ये फाँट उघडून कुठल्या जागेवर कुठला आकार आहे याचा तक्ता केला आणि पायथॉन भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. नुसतं एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही. अर्धा ग आणि काना मिळून पूर्ण ग होतो, आणि दोन काने आले तरच गा. पहिली वेलांटी त्या फाँटात अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार उलटा: तिथं अक्षरानंतर, इथं अक्षराच्या आधी. 'निर्मिती' या एका शब्दात दोन पहिल्या वेलांट्या आणि एक रफार, तिघांनाही उचलून योग्य जागी बसवावं लागतं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला र वेगळा ठेवायचा, नाहीतर समुद्राच्या दऱ्याखोऱ्या होतात.

बरोबर झालंय की नाही हे तपासायला संगणकाचा उपयोग नव्हता. मी लॅपटॉप घेऊन वाचनालयातच गेलो. ताईंनी कपाटातून दाखल नोंदवह्या काढल्या, लाल कापडी बांधणीच्या, पहिल्या पानावर शाईतलं देखणं अक्षर. मी पडद्यावरून वाचायचं, त्यांनी नोंदवहीतून पडताळायचं. सगळ्या नोंदी नव्हे, प्रत्येक पानावरच्या काही. सुरुवातीला 'क्ष' बिघडलेला सापडला, मग 'श्र', मग आकड्यांच्या शेजारचा दंड. तिथल्या तिथं तक्ता सुधारायचा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. वाचायला आलेले दोन आजोबा पेपर बाजूला ठेवून आमच्याजवळ येऊन बसले आणि लेखकांची नावं चुकली की आमच्याआधी सांगू लागले. एका ठिकाणी आडनाव मुळातच चुकीचं टाइप झालं होतं, तेही त्यांनीच पकडलं.

यातून एक गोष्ट बाहेर आली जिची कुणी अपेक्षा केली नव्हती. नोंदवहीत निर्लेखन झालेली, म्हणजे दाखलातून काढून टाकलेली, लाल शाईने खोडलेली काही पुस्तकं यादीत अजून जिवंत होती. ताई दर वर्षी ती कपाटात शोधत असत आणि हरवली म्हणून मनाला लावून घेत असत. त्यांनी ती पुस्तकं यादीत वेगळी केली. मला विचाराल तर लॅपटॉप वेगाने चालू लागला यापेक्षा हे मोठं.

दुसरा फायदा लगेच दिसला. जुन्या फाँटात यादी अकारविल्हे लावता येत नव्हती, कारण क्रम इंग्रजी जागांचा लागायचा, आणि शोधायलाही तोच फाँट हवा. आता ताईंनी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर 'शेती' टाइप केलं आणि शेतीवरची पुस्तकं समोर आली. त्यांनी लगेच 'विहीर', मग 'गोधडी' टाइप करून पाहिलं. ग्रंथालयासाठी कोहा नावाची उत्तम मुक्त प्रणाली आहे, न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली. पण एका लॅपटॉपवर, एका माणसाच्या वाचनालयात तिचा सर्व्हर सांभाळणं म्हणजे ताईंच्या डोक्याला नवा ताप, म्हणून लिब्रेऑफिसमधल्या कॅल्कची, एक्सेलसारखी साधी फाइलच ठेवली. दर शनिवारी ती दोन पेनड्राइव्हवर उतरवायची; एक वाचनालयात, एक ताईंच्या घरी.

व्हिडिओ मात्र या मशीनवर ४८०पी स्पष्टतेच्या पुढे धड चालत नाहीत आणि फायरफॉक्समध्ये टॅब कमीच उघडायचे. हे मी मुलांना समोर बसवून सांगितलं, कारण न सांगता दिलं असतं तर आठवड्यात 'लिनक्स वाईट' असं झालं असतं.

तपासणी झाली, छापील यादी वापरली गेली. आता शेजारच्या गावच्या वाचनालयाने त्यांचा छोटा लॅपटॉप पाठवलाय. १ जीबी रॅम, आणि प्रोसेसर खरोखरच ३२ बिटचा ॲटम. फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस ३२ बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या काढणं थांबवलं, म्हणून त्यावर अँटीएक्स टाकून फक्त यादी आणि छपाई होईल, इंटरनेट नाही, असं मी त्यांना पैसे घेण्याआधीच कळवलं. ते हो म्हणाले आहेत. त्यांच्या यादीचा फाँट वेगळा आहे, तक्ता पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.