जर्मन यंत्रगतिशास्त्र इंग्रजीत आणताना

जर्मन यंत्रशास्त्रातील मजकूर इंग्रजीत आणताना खरा विचार करायला लावतात ते ‘गेट्रीबे’सारखे रोजचे शब्द. मोटारीच्या कागदपत्रांत त्याचे इंग्रजी गिअरबॉक्स किंवा ट्रान्समिशन होते. गतिशास्त्रात मात्र तोच शब्द मेकॅनिझम या अर्थाने येतो आणि तेथे एकही दातेरी चाक असण्याची गरज नसते.

अलेक्झांडर केनेडी यांच्याविषयी मला म्हणूनच अतिशय आदर वाटतो. बर्लिनचे प्राध्यापक फ्रान्झ रोलो यांचा सैद्धांतिक गतिशास्त्रावरील ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकवणाऱ्या केनेडींनी तो १८७६ मध्ये इंग्रजीत आणला. यंत्राचे भाग सुटे न पाहता जोड्यांनी पाहायचे, जोड्यांची साखळी जुळते आणि त्या साखळीतील एक दुवा स्थिर केला की यंत्रणा तयार होते, ही रोलोंची मांडणी केनेडींना अभियंता म्हणून पूर्ण समजलेली होती. लोअर पेअर (पृष्ठभागाने टेकणारी जोडी), हायर पेअर (रेषेत किंवा बिंदूत टेकणारी जोडी), कायनेमॅटिक चेन (जोड्यांची साखळी) या संज्ञा आपल्याकडचे विद्यार्थी आजही ‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये शिकतात, त्यामागे हे काम आहे.

माझ्या मते सर्वांत अवघड जोडी ‘फॉर्मश्लुस’ आणि ‘क्राफ्टश्लुस’ यांची. कॅमच्या, म्हणजे फिरताना दुसऱ्या भागाला हलवणाऱ्या विशिष्ट आकाराच्या भागाच्या, खाचेत रोलर अडकलेला असेल, तर संपर्क आकारामुळेच टिकतो; हा फॉर्मश्लुस. तो स्प्रिंगने कॅमवर दाबून धरला असेल, तर संपर्क बलामुळे टिकतो; हा क्राफ्टश्लुस. येथे इंग्रजीत फॉर्म-क्लोज्ड आणि फोर्स-क्लोज्ड हे शब्द चपखल बसतात. परंतु शाफ्टवर पुली बसवण्याच्या वर्णनात हेच जर्मन शब्द आले, की चावीने (शाफ्ट आणि पुली यांच्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) केलेल्या जोडणीला पॉझिटिव्ह आणि घर्षणावर टिकणाऱ्या प्रेस फिटला, म्हणजे दाबून घट्ट बसवलेल्या जोडणीला, फ्रिक्शनल म्हणावे लागते. शब्दकोशातील एकच प्रतिशब्द सर्वत्र वापरला, तर वाचणारा अभियंता गोंधळतो. त्यामुळे मजकुरासोबतची आकृती हाती आल्याशिवाय असे वाक्य पक्के करणे मला योग्य वाटत नाही.

‘वेल्त्सेन’ या क्रियापदाचेही असेच आहे. गिअरचे दात एकमेकांवर लोळतात आणि त्याच वेळी घसरतातही. जर्मन क्रियापद या दोन्ही गती सामावून घेते, म्हणून इंग्रजीत रोलिंग आणि स्लायडिंग असे दोन्ही शब्द लिहावे लागतात. ‘वेल्त्सलागर’ला मात्र रोलिंग बेअरिंग हेच रूढ नाव आहे, आणि ‘वेल्त्सफ्रेझेन’ म्हणजे हॉबिंग, अर्थात फिरत्या हत्याराने गिअरचे दात कापणे. त्या इंग्रजी शब्दात तर लोळण्याचा मागमूसही उरत नाही.