विहीणबाई माठ घेऊन आल्या

लग्नाच्या दिवसाबद्दल मला फारसं लिहायचं नाहीये. लग्न अमरावतीजवळच्या एका मोठ्या लॉनवर झालं. गर्दी अफाट, मुहूर्त टळून गेलेला, डीजेपुढे मंगलाष्टकं कोणालाच ऐकू आली नाहीत. आणि पंच्याऐंशी ओलांडलेल्या माझ्या आजीला ताट हातात धरून बुफेच्या रांगेत उभं राहावं लागलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एवढं सांगून तो दिवस बाजूला ठेवते. लिहायचंय ते आदल्या संध्याकाळबद्दल, मामांच्या अंगणातल्या मांडवाच्या जेवणाबद्दल.

मामांचं गाव तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या अंगाला. धाकट्या मामेबहिणीचं लग्न, म्हणून मुलांची शाळा बुडवून आम्ही पुण्याहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरलो. लग्नाच्या निमित्ताने मुलांना विदर्भ दाखवू, असं ह्यांच्या मनात होतं. चिखलदऱ्याला एक चक्कर झाली, पण फेब्रुवारीत तिथलं सगळं वाळलेलं असतं, पावसाळ्यातच जावं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. मुलं रमली ती मात्र संत्र्याच्या बागेत. एका बागेत मृग बहाराची फळं तोडणीला आलेली आणि धुऱ्यापलीकडच्या बागेत आंबिया बहाराची पांढरी फुलं. दोन्हींचा वास एकत्र यायचा.

कौंडण्यपूरला मात्र घरचे सगळेच गेलो. ते रुक्मिणीचं माहेर. इथून आषाढीला पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी 1594 पासून चालत आली आहे, असं सांगतात. मामांच्या घरातली नवरी लग्नाआधी तिथे जाऊन ओटी भरून येते. नदीच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या मामा माझ्या मुलीला गोष्ट सांगत होते. रुक्मिणी लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला निघाली आणि कृष्णाने तिला तिथूनच नेली. अमरावतीची माणसं ते अंबादेवीचं देऊळ आपलंच मानतात. मुलीने विचारलं, "मग तिच्या घरी जेवण कोणी केलं?" मामांना उत्तर सुचेना. घरी मांडवाच्या स्वयंपाकाची तयारी चालू होती, तिच्या डोक्यात तेच असणार.

आता मूळ गोष्ट. नवरा-नवरी दोघंही पुण्यात एकाच कंपनीत. कामासाठी अमेरिकेत असताना ते एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेले होते. तिथे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये रीतसर तालीम होते. कोणी कोणाबरोबर चालत यायचं, कुठे उभं राहायचं, अंगठी कोणाच्या खिशात, सगळं करून बघतात. मग दोन्हीकडची जवळची माणसं एकत्र जेवायला बसतात. त्याला म्हणतात रिहर्सल डिनर. आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे ते जेवण मुलाकडचे देतात. दोघांना ते फार आवडलं. दोन घरं लग्नाच्या गोंधळाआधी निवांत भेटावीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि मला ते अगदी पटलं होतं. कारण आपल्याकडे व्याही-व्याही भेटतात ते फेट्यात, गळाभेट घेताना फोटोग्राफरकडे बघत.

त्यांनी अमरावतीच्या एका हॉटेलची गच्ची ठरवली होती. मामांनी एका वाक्यात उडवली. "मांडव घरी अन् जेवन हॉटेलात? काहून? आपल्या घरी चूल नाही का?" शेवटी ठरलं की मुलाकडची दहा-बारा माणसं मांडवाच्या दिवशी संध्याकाळी गावातच येतील, जेवतील आणि रात्री अमरावतीला मुक्कामाला जातील. आजीला हेही मान्य नव्हतं. लग्नाआधी व्याही मुलीच्या मांडवात जेवतात, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण ती गप्प बसली.

मांडवाच्या दिवशी सकाळी डहाळे आले. जांभळाच्या डहाळ्या आणायचा मान आमच्याकडे जावयांचा, म्हणून ह्यांनाही टोपी-दुपट्टा देऊन बैलगाडीत बसवलं. मारुतीच्या पारावर नारळ फोडून वाजतगाजत गाडी घरी आली. दुपारी हळद झाली. गावाला चूलबंद आवतन होतं, म्हणजे त्या संध्याकाळी गावात कोणाच्याच घरी चूल पेटायची नव्हती. वाड्यामागे गड्यांनी गोवऱ्यांचा लांब थर रचून रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला लावले होते, आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. रोडगे, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. दुसरं काही नाही आणि दुसरं काही लागतही नाही.

मुलाकडचे भंडाऱ्याचे. पाचच्या सुमारास त्यांच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून विहीणबाई उतरल्या त्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी सांभाळत. आम्हाला वाटलं देव असतील. घोंगडी सोडली तर आत माठ. काळा, तुळतुळीत, बुडाशी वापरून गुळगुळीत झालेला मातीचा माठ. मागून त्यांच्या जाऊबाई कणकेचा डबा घेऊन उतरल्या.

लांब पोळ्या! नागपूर-भंडाऱ्याकडे ज्यांनी खाल्ल्यात त्यांना माठ पाहिल्याबरोबर कळेल. चुलीवर माठ पालथा घालायचा आणि रुमालासारखी पातळ पोळी त्यावर टाकायची. आमच्या वऱ्हाडाच्या बाजूला त्या घरी करणारं आता क्वचितच कोणी.

"जेवन पोराकडचे देतात म्हने तिकडं," विहीणबाई मामींना म्हणाल्या, "तं मी पोराची माय आहो. मले एक चूल द्या जी."

मांडवात एकदम शांतता. ज्या बाईचे उद्या पाय धुवायचे, जिच्या मानाच्या साडीवरून घरात आठ दिवस चर्चा चालली होती, ती आमच्या अंगणात चूल मागत होती. मामी नुसत्याच "अहो नाही नाही" करत राहिल्या. आजी मात्र बोललीच. "विहिनीच्या हातचं रांधून खाल्लं म्हनतीन. लोकं तोंडात शेन घालतीन आमच्या."

विहीणबाई आजीजवळ खाली बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "आजीबाई, उद्या तुमी मले पाटावर बसवान, मान द्यान. उद्या मले हलता नाही येनार. आज तं करू द्या."

आजीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मामींनी तेवढ्यात मागच्या अंगणातली चूल सारवून दिली.

मग मी दुसरं काहीच केलं नाही, तिथेच बसून राहिले. कणीक त्यांनी घरूनच सैल भिजवून आणली होती, वस्त्रगाळ पिठाची. परातीत घेऊन, पाण्याचे हबके मारत, उचलून आपटत त्या ती मळत राहिल्या. थोड्या वेळाने तिला अशी तार आली की उचलली तर कोपरापर्यंत लोंबायची आणि तुटायची नाही. पण माठ काही नीट तापेना. चुलीत पऱ्हाटी होती. फेब्रुवारीत कापूस निघून गेला की शेतातली वाळकी झाडं उपटून दारात ढीग लावतात, वऱ्हाडात वर्षभराचं जळण तेच. भंडारा झाडीपट्टीतला, तिथे चुलीला लाकूड. विहीणबाईंनी लाकडाच्या हिशोबाने चूल गच्च भरली. पऱ्हाटी भस्सकन पेटली, जाळ माठाच्या वर गेला आणि क्षणात बसला. पहिली पोळी एका बाजूला करपली, दुसऱ्या बाजूला कच्ची. दुसरीही तशीच. विहीणबाईंच्या कपाळावर घाम आला. जाऊबाई म्हणाल्या, राहू द्या आता.

तेव्हा आजी उठली. काठी टेकत आली, चुलीच्या तोंडाशी फतकल घालून बसली आणि चुलीतल्या निम्म्या काड्या बाहेर ओढल्या. "हे लाकूड नोहे बाई. दोन-दोन काड्या सरकवा लागते. हिच्यावरून नजर नाही काढा लागत."

त्यानंतर आजी जाळ लावत होती आणि विहीणबाई पोळ्या टाकत होत्या. कणकेचा गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर, मग मनगट, मग कोपर, प्रत्येक फेरीला तो लांबत जायचा. शेवटी दोन्ही हात माठावर उलटे झाले की पोळी अंगभर पसरायची. फुगे येईपर्यंत आजी काड्या सरकवायची, फुगे आले की मागे ओढायची. दोघी बोलत फार नव्हत्या. "आता", "थांबा", "हं". मधूनच आजीने विचारलं, किती वर्षांची होती शिकली तेव्हा? विहीणबाई म्हणाल्या, लग्न होऊन आली तेव्हा सासूनं शिकवलं, कोपरापर्यंत भाजली होती. त्यांनी हात पुढे केला. आजीने चष्मा वर करून ते जुने डाग बघितले. स्वतःच्या हातावरचा एक डाग दाखवला. बस्स.

मामी पदराने डोळे पुसत आत गेल्या. धूर झाला होता हे खरंच, पण तेवढ्याने नव्हे.

पंगत अंगणात बसली. मामांनी हट्टाने पळसाच्या पत्रावळी आणवल्या होत्या. "पुंडलिक वरदे" झालं आणि वाढपी सुटले. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात कोणीतरी वरणाची बादली दिली. पुण्यात स्वतःचं ताट न उचलणारा हा मुलगा ओळीतून वाकून वाढत चालला होता, आणि अख्खं गाव त्याला शिकवत होतं. "भाताले खड्डा केला ना, त्यात टाक बापू." "घाई नको करू, पाहुन्याच्या तोंडाकडं पाय." एका म्हाताऱ्या काकांनी पत्रावळीवर आडवा हात धरला, तसा तो पुढे निघाला. काकांनीच त्याला हाक मारून सांगितलं, "बोटं फाकवलेली असली म्हनजे थोडं वाढाच लागते. मुठ असली तं नाही." रात्रभर तो आम्हाला हे समजावून सांगत होता.

राखेतून काढलेला रोडगा फडक्यात धरून बुक्कीने फोडायचा, वाफ बाहेर पडते तोवर त्यात तूप. त्याच्या शेजारी विहीणबाईंची घडी घातलेली लांब पोळी, वांग्याच्या तर्रीत बुडवलेली. पोळ्या सगळ्या गावाला पुरणार नव्हत्याच. आजीने स्वतः तुकडे करायला लावले, प्रत्येकाच्या पत्रावळीवर एकेक गेलाच पाहिजे म्हणाली. तोंडात शेण घालणारी लोकं तीच पोळी मागून मागून खात होती. बायकांनी विहीणबाईंना नाव घ्यायला लावलं. "झाडीचा माठ अन् वऱ्हाडाची पऱ्हाटी" एवढं ऐकू आलं, पुढचं नाव हशात बुडून गेलं.

जेवणं झाल्यावर मामांनी वही काढली. खरी रिहर्सल तर तीच. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर गोल बसली. अंतरपाट कोण धरणार, सीमेवर पाहुण्यांना घ्यायला कोण, नवरीला बोहल्यावर आणायला कोणता मामा, अक्षता कोणाकडे, आहेर लिहायला कोण, दागिन्यांच्या पेटीजवळ कोण बसणार. व्याही स्वतःहून म्हणाले, आमच्याकडून मानपान नको, टॉवेल-टोपीही नको. मामांनी ते वहीत लिहून घेतलं. एरवी हीच बोलणी निरोप्यांमार्फत होतात आणि अर्धे रुसवे तिथेच जन्माला येतात. समोरासमोर, पोटभर जेवल्यावर, पंधरा मिनिटांत सगळं मिटलं. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना मी कळकळीने सांगते, हॉलची सजावट कमी करा, पण ही एक संध्याकाळ ठेवा. केटररला देऊ नका. कोणाला तरी चूल द्या, कोणाला बादली द्या.

सोय म्हणाल तर फार नव्हती. चाळीस माणसांत एक न्हाणी, सकाळी रांग. गच्चीवर झोपलो तर नदीकडून गार वारं आणि मध्यरात्रीपर्यंत डास. मुलीला झोप लागली नाही, मलाही नाही. तरी हॉटेलात गेलो असतो तर बरं झालं असतं, असं एकदाही वाटलं नाही.

विहीणबाई निघताना माठ घेऊन गेल्या नाहीत. आजीने तो मागून घेतला आणि बदल्यात त्यांच्या गाडीच्या डिकीत पऱ्हाटीची एक मोळी बांधून टाकायला लावली. व्याही नको नको म्हणत होते, ड्रायव्हर सीट खराब होईल म्हणत होता. आजी कोणाचं ऐकत नाही.

मे महिन्यात आमरसाबरोबर लांब पोळ्या खायला भंडाऱ्याला या, असं विहीणबाईंनी आम्हा सगळ्यांना सांगितलंय. हे म्हणतात, मेमध्ये तिकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो, मुलांचे हाल होतील, दिवाळीत जाऊ. दिवाळीत आंबे कुठून येणार? मी महाराष्ट्र एक्स्प्रेसची भंडारा रोडपर्यंतची तिकिटं काढून ठेवली आहेत. आजीचं बडनेऱ्याहून काढलंय, खालचा बर्थ.